ते धुकं नव्हतं

गार्डआप्पांच्या गोष्टी मी आजवर खूप जणांना सांगितल्या आहेत. लग्नाच्या मांडवात, फोटोग्राफर मंडळाच्या सहलीत, दुकानात गिऱ्हाईक नसताना. लोक पोट धरून हसतात. पण प्रत्येक वेळी मी बाभळीच्या फांदीच्या गोष्टीपाशी थांबतो. पुढचं कुणी विचारलं तर "मग ते रिटायर झाले, येणंजाणं कमी झालं," असं म्हणून चहा मागवतो. ही टाळाटाळ इतकी अंगवळणी पडली होती की मलाही ती खरी वाटायला लागली होती. परवा शिरूरच्या तरुण फोटोग्राफर मुलांनी निसर्गचित्रांची स्पर्धा ठेवली आणि नियम ठरवायला मला बोलावलं. "काका, लँडस्केपमध्ये एडिटिंग किती चालेल, तेवढं तुम्हीच लिहून द्या," म्हणाले. मी कागद ओढला, पेन उघडलं, आणि एक शब्दही लिहिता आला नाही. तब्येतीचं निमित्त करून घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

आप्पा दौंडला मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं आणि मागे मागे सरत जाणारा मुलूख बघत राहायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे त्यांना उलटं बघायची सवयच जडली होती. एसटीत ते कायम शेवटच्या बाकावर बसत आणि मान वळवून मागच्या काचेतून बघत. रस्त्याने चालताना एखादी जागा ओलांडून पुढे जात, मग थबकत आणि वळत. त्यांच्याबरोबर चालणं हा वैताग होता. मी बोलत बोलत पुढे जायचो आणि कधीतरी लक्षात यायचं, की मी एकटाच बोलतोय, आप्पा मागे कुठेतरी रस्त्याच्या मधोमध पाठमोरे उभे आहेत. "येणारं समद्यांनाच दिसतं," ते म्हणायचे, "गेलेल्याकडं बघायला कुणाला सवड हाय?" त्यांचे जवळजवळ सगळे फोटो असे मागे वळून काढलेले होते.

दौंडात स्टुडिओ काय कमी होते! पण एकाने त्यांच्या माळाच्या फोटोची कडा कापून दिली, दुसऱ्याने लॅबला सांगून आभाळ जास्त निळं करून आणलं आणि तिसऱ्याने विचारलं, "आप्पा, ह्यात माणूस कुठंय? नुसता माळ काय छापायचा?" तिघांशीही भांडण झालं. त्यांची थोरली बहीण मांडवगण फराट्याच्या बाजूला भीमेकाठच्या एका गावात राहत होती. तिला भेटायला आले की तसेच पुढे शिरूरला माझ्याकडे रोल घेऊन येत. त्या गावातली बौद्धवस्ती म्हणजे आप्पांचं मूळ घर. आईवडील लवकर गेले, तेव्हा या आक्काने दुसऱ्याच्या रानात खुरपून त्यांना शिकवलं होतं. दुकानाच्या पायरीवरूनच ते खणखणीत आवाजात "जय भीम" म्हणत. मी म्हणायचो, "या आप्पा, नमस्कार." एवढ्या वर्षांच्या ओळखीत मी एकदाही त्यांना उलट "जय भीम" म्हणालो नाही. ते त्यांच्या लक्षात आलं असणार. माझ्या लक्षात यायला म्हातारपण यावं लागलं.

माझा धंदा लग्नाचा आणि पासपोर्ट फोटोंचा. त्यामुळे आप्पांनी मला नाव ठेवलं होतं पावडरवाला. आत आले की स्टुलावर बसायचे, टोपीने वारा घ्यायचे आणि सुरू करायचे.

"काय रं पावडरवाल्या, आज कुणाला गोरं केलंस?"

"आज एका नवरदेवाचे दात आत घेतले, आप्पा."

"मग लग्न झाल्यावर त्ये भाईर आलं की पोरगी तुझ्याकडं यायची भांडाया!"

फोटोवर हाताने, बारीक ब्रशने जी रंगसफेती करतात तिला आमच्यात टचिंग म्हणतात. आप्पांना माणसांच्या फोटोतलं टचिंग चालायचं. एकदा रेल्वेच्या पाससाठी स्वतःचा फोटो काढायला बसले, तर मला म्हणाले, "कानावरचं क्यास जरा काळं कर." मी म्हणालो, "आता कसं? माळाच्या फोटोवर एक ठिपका पुसू देत नाही तुम्ही." ते आरशात बघतच होते. म्हणाले, "माळाला लाज न्हाई. मला हाय. चल, कर काळं."

माळाच्या, नदीच्या, टेकडीच्या फोटोला मात्र त्यांचा कायदा वेगळा होता. उजेड कमीजास्त करायला त्यांची हरकत नसे. ते म्हणत, तो तर घडीघडीला कमीजास्त होतच असतो. पण जे तिथे आहे ते काढायचं नाही आणि जे नाही ते घालायचं नाही. रांजणगावला कारखाने आले तशा आमच्या बाजूच्या माळांवरून विजेच्या जाड तारा गेल्या. कारेगावच्या वरच्या अंगाला एक उघडी टेकडी होती. तिचा त्यांनी संध्याकाळचा फोटो काढला. टेकडीचा उतार, खाली कामगारांच्या खोल्या, दोरीवर वाळत घातलेले निळे युनिफॉर्म, आणि आभाळाच्या बरोब्बर मधून गेलेली तार. मी म्हणालो, "आप्पा, तेवढी तार ब्रशने मारून टाकू. पत्ता लागणार नाही."

"ऱ्हाऊ दे. ती पण हितंच ऱ्हाते."

"फोटो खराब दिसतो ना पण."

"फोटो खराब न्हाई दिसत. तार दिसती."

त्याऐवजी ते थांबायचे. थांबणं हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण आणि त्यांच्याबरोबरच्या माणसाची शिक्षा होती. ड्युटीवर असताना ते कॅमेरा नेत नसत, डब्यातून नुसत्या जागा हेरून ठेवत. मग सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बसत. ऊन फिरेल, मेंढरं सरकतील, धूळ खाली बसेल म्हणून बसून राहत. एकदा घोडनदीच्या काठी मी त्यांच्याबरोबर भर उन्हात बसलो होतो. एक म्हैस पाण्यातून हलेना. मी दगड उचलला. आप्पांनी माझं मनगट धरलं. "तिची अंघोळ हाय. आपुन पाहुणे हाव." म्हैस निघाली तेव्हा ऊन गेलं होतं. फोटो न काढताच आम्ही परत आलो, आणि वाटेत उसाच्या रसाचे दोन ग्लास मीच पाजले, हे मी अजूनही लोकांना सांगतो.

आता ती बाभळीची फांदी. एका सकाळी आप्पांनी कॅमेऱ्यासमोर येणारी एक काटेरी फांदी सरळ मोडून बाजूला टाकली. मला एवढंच पाहिजे होतं.

"आप्पा! हे काय? ही फांदी तिथंच राहत होती ना? हे टचिंग नाही?"

ते पहिल्यांदाच गडबडले. फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग अंगठा पुढे केला. त्यातून रक्त येत होतं. "फांदी मोडली तर काटा मला लागला. तुझ्या ब्रशाला काय लागतं रं?"

या वाक्यावर लोक टाळी देतात आणि मी थांबतो. आज थांबत नाही.

दोन हजार साल उलटल्यावर मी कॉम्प्युटर आणि स्कॅनर घेतला. पुण्याला जाऊन फोटोशॉपचा क्लास केला. पन्नाशीला आलेला माणूस लहान मुलासारखा वेडा झाला होता. मी रात्रंदिवस लोकांची पार्श्वभूमी बदलत होतो. शिरूरच्या नवराबायकोला बर्फात उभं करत होतो. आप्पा आले की शेजारी खुर्ची ओढून बसत आणि पडद्याकडे बघून हसत. एकदा मी घोडनदीच्या एका फोटोवर दुसरंच आभाळ बसवत होतो.

"हे आभाळ कुठलं?"

"सीडीवर येतं, आप्पा. परदेशातलं आहे."

"मग त्या ढगांनी शिरूरला पाऊस कसा पाडायचा? पासपोर्ट लागंल त्यास्नी."

मग त्यांनी विचारलं, पुसल्यावर त्या जागी काय येतं? कोरी जागा तर दिसत नाही. मी त्यांना करून दाखवलं. शेजारचा तुकडा उचलायचा आणि पुसायच्या जागेवर शिक्का मारल्यासारखा लावत जायचा. गवताशेजारचं गवत, पाण्याशेजारचं पाणी. थोड्या वेळाने तिथे काही होतं हे ओळखूसुद्धा येत नाही. आप्पा बराच वेळ बघत राहिले. "म्हंजी शेजाऱ्यानं अतिक्रमण करायचं," ते म्हणाले. मी खो खो हसलो. तेही हसले.

त्याच हिवाळ्यात त्यांनी तो फोटो काढला. त्या फोटोची ते किती वर्षं वाट बघत होते कुणास ठाऊक. भीमेच्या पलीकडच्या काठावरून, म्हणजे दौंडच्या बाजूने, त्यांच्या स्वतःच्या गावाचा. उजव्या हाताला देवळाचं शिखर, त्यावर भगवं निशाण, मध्ये चिंचेची झाडं, आणि डाव्या हाताला नदीला लागून त्यांची वस्ती. पत्र्याची घरं, विहाराची पांढरी भिंत, उंच काठीवर निळा झेंडा. सकाळची वेळ होती, वारा पडलेला. वस्तीतल्या चुलींचा धूर वर न जाता आडवा पसरला होता आणि नदीवर एक लांब, करडी पट्टी होऊन थांबला होता. असा फोटो मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नाही. आप्पांनी त्यातला एक पत्रा नखाने दाखवला. "ही आमची आक्का. सगळ्यात आधी चूल तिचीच पेटती." मग त्या पत्र्याच्या शेजारची मोकळी जागा दाखवली. "आन् हितं रिटायर झाल्यावर माझ्या दोन खोल्या. आक्का म्हणली, लई रेल्वे झाली, आता ये घरी."

मीच त्यांच्याकडून ती निगेटिव्ह मागून घेतली. तिची एकच लहान प्रत काढली होती, तीही माझ्याकडेच ठेवली. आमच्याकडच्या एका पतसंस्थेला नव्या वर्षाचं कॅलेंडर छापायचं होतं आणि तालुक्यातल्या निसर्गाचा फोटो पाहिजे होता. आप्पांना मी विचारलं. ते लाजले, मग म्हणाले, "छाप. पण हात लावायचा न्हाई." मी म्हणालो, "आप्पा, तुमच्या फोटोला मी हात लावीन का?"

मी हात लावला. मला कुणी सांगितलं नव्हतं. पतसंस्थेच्या चेअरमननी फोटो पाहिलासुद्धा नव्हता. मी एकटाच दुकानात बसलो होतो आणि मला डावीकडचे पत्रे खुपत होते. काही गंजलेले, काहींवर दगड आणि टायर ठेवलेले. मी एक पत्रा पुसला. त्या जागी शेजारची हिरवळ लावली. छान दिसलं. मग दुसरा. मग झेंडा एकटाच हवेत राहिला, म्हणून तो. मग विहाराची भिंत. अर्ध्या दिवसात मी सगळी वस्ती पुसली. मला त्या वेळी अगदी मनापासून वाटत होतं, की मी फक्त पत्रे काढतोय, फोटो स्वच्छ करतोय. तोच शब्द माझ्या मनात होता. स्वच्छ. पण शिखराला मी हात लावला नाही. उलट त्यावरचं निशाण जरा फिकट वाटलं म्हणून ते उजळलं. हे माझ्या हाताला कुणी शिकवलं होतं? त्या क्लासात तर नाही शिकवलं.

नदीवरची धुराची पट्टी मी ठेवली. ती सुंदर होती. खाली मीच ओळ सुचवली, 'धुक्यातली पहाट'. आणि त्याखाली ठळक अक्षरात आप्पांचं पूर्ण नाव, छायाचित्रकार म्हणून. नाव पाहून आप्पा खूश होतील असंही मला वाटलं होतं. मी किती आंधळा होतो हे त्यावरून कळेल.

कॅलेंडर घरोघर गेलं. वस्तीतही गेलं, कारण तिथल्या लोकांचीही त्या पतसंस्थेत खाती होती. लोकांनी भिंतीवर खिळा ठोकला, कॅलेंडर लावलं आणि मग आपलं घर शोधायला लागले. आप्पा फोटोला कुणाला हात लावू देत नाहीत हे साऱ्या वस्तीला माहीत होतं. त्यांनीच तर ते फुशारकीने वर्षानुवर्षं सांगितलं होतं. तेव्हा दुसऱ्या कुणी पुसलं असेल ही शंका कुणालाच आली नाही. आप्पा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहतात, साहेबलोकांत उठतात-बसतात, मोठ्यांच्या कॅलेंडरात नाव यायचं तर वस्ती कशाला दाखवतील, असा सरळ हिशेब झाला.

आप्पा माझ्या दुकानात आले ते आक्काला आणि वस्तीतल्या एका तरुण मास्तरांना घेऊन. हातात कॅलेंडरची गुंडाळी. त्या दिवशी पायरीवरून "जय भीम" ऐकू आलं नाही. माझं नशीब असं, की पतसंस्थेचे चेअरमन त्याच वेळी फोटो काढायला बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला पावडर. आप्पांनी कॅलेंडर टेबलावर उलगडलं. कुणी काही बोलायच्या आत चेअरमनच उत्साहाने म्हणाले, "आरं, हेच का ते फोटोग्राफर? झकास काढलाय हो! धुकं कसलं पडलंय!"

"ते धुकं न्हाई, साहेब," आप्पा म्हणाले. "माझ्या बहिणीच्या चुलीचा धूर हाय."

"तेच म्हणतोय आम्ही," मास्तर आप्पांकडे वळून म्हणाले. "धूर ठिवला आन् चूल काढली. असं कसं आप्पा?"

आक्का कॅलेंडरवर वाकली होती. तिने शिखरावर बोट ठेवलं. "देऊळ जाग्याव हाय. आमचंच पत्रं उडालं. वारा लई शाणा व्हता म्हणायचा."

आप्पांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते रागावलेले नव्हते. अडचणीत सापडलेला माणूस ओळखीच्याकडे बघतो तसे माझ्याकडे बघत होते. "सांग रं ह्यास्नी," ते म्हणाले. "काय झालं ते सांग."

एवढंच सांगायचं होतं की मी पुसलं. एक वाक्य. पण चेअरमन माझ्याकडे बघत होते. त्यांच्या पतसंस्थेची सगळी कामं माझ्याकडे होती. आणि दोनच दिवसांपूर्वी बाजारात कुणीतरी म्हणालं होतं, "त्या कॅलेंडरवरून वस्तीवाले केस करणार हायेत म्हणं." मी म्हणालो, "मी काय सांगू आप्पा? तुम्ही दिला तसाच छापलाय."

आक्काने कॅलेंडरवरचं बोट उचललं आणि पदराला पुसलं.

आप्पा म्हणाले, "निगेटिव्ह द्या."

द्या. त्यांनी मला ओळख झाल्यापासून तूच म्हटलं होतं.

"पुण्याला लॅबमध्ये आहे," मी म्हणालो. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. खणाच्या कडीला माझा गुडघा टेकला होता.

"चल रं," आक्का आप्पांना म्हणाली. "पुसलं ते पुसलं. लोकाच्या दुकानात तमाशा नगं." पण बाहेर पडल्यावर ती त्यांच्याबरोबर चालली नाही. मी काचेतून पाहिलं. ती आणि मास्तर स्टँडच्या दिशेने गेले. आप्पा मागे राहिले. या वेळी ते वळून कशाकडे बघत नव्हते. नुसते उभे होते. माझ्या मागे चेअरमन म्हणाले, "हे लोक पण ना! घ्या, घ्या फोटो." आणि मी लाइट लावले.

त्यानंतर आप्पा दुकानात आले नाहीत. रिटायर झाले तेव्हा वस्तीत दोन खोल्या बांधल्या नाहीत. आक्का त्यांच्याशी बोलेना, आणि ती बोलत नाही म्हटल्यावर बाकी कुणाचं बोलणं असून नसून सारखंच. दौंडातच भाड्याने राहिले, असं उडत उडत कळायचं. मी दर महिन्याला ठरवायचो, की या महिन्यात जायचं, निगेटिव्ह द्यायची आणि वस्तीत जाऊन चारचौघांत सांगायचं. मग लग्नसराई यायची.

शेवटी एकदा गेलो. निगेटिव्ह शर्टाच्या खिशात होती. निमित्त म्हणून नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवला होता. आप्पा बारीक झाले होते. भिंतींवर एकही फोटो नव्हता. वहिनींनी चहा दिला.

"बोला," आप्पा म्हणाले, "काय काम काढलंत?"

"काम काही नाही आप्पा. हा नवा कॅमेरा घेतला. म्हटलं, तुम्हाला दाखवावा."

त्यांनी तो हातात घेतला, मागचा पडदा बघितला, वजन तोललं. "ह्यात निगेटिव्ह नसती?"

"नाही. निगेटिव्हची भानगडच नाही आता."

"बरं हाय," ते म्हणाले आणि कॅमेरा परत माझ्या हातात दिला. "म्हंजी कुणी मागायचा सवाल न्हाई."

मी खाली मान घालून चहा प्यालो. मला वाटलं, आता तेच विषय काढतील, शिव्या देतील, मग मला बोलणं सोपं जाईल. ते वहिनींना म्हणाले, "पावण्यास्नी बस कितीची हाय बघा." मी निगेटिव्ह खिशात घेऊन शिरूरला परत आलो.

आप्पा गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही एका गिऱ्हाइकाकडून. तेव्हा मात्र मी पुण्याला गेलो आणि त्या निगेटिव्हचा मोठा फोटो करून आणला. एका ठिपक्यालाही हात लावला नाही. तो घेऊन एसटीने आक्काच्या गावाला निघालो. वाटभर तीन वाक्यं घोकत होतो. आक्का, घरं मी पुसली. तुम्ही विचारायला आलात तेव्हा खोटंही मीच बोललो. मला माफ करा. शाळेतल्या मुलासारखी ती मी ओठांत म्हणत होतो; शेजारचा माणूस माझ्याकडे बघायला लागला तेव्हा थांबलो. आज हे लिहितोय तेव्हा आक्काही नाही. ती आमची शेवटची भेट.

ती दारात तांदूळ निवडत बसली होती. मी शिरूरचा स्टुडिओवाला, एवढं तिने आवाजावरून ओळखलं. तिला एका डोळ्याने दिसत नव्हतं. तिने फोटो दुसऱ्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला आणि हळूहळू डावीकडे सरकवत नेला.

"ह्यो झेंडा," ती म्हणाली. "ह्यो इहार. आन् ह्यो माझा पत्रा. त्यावर ह्यो टायर." ती हसली. "ह्यो कुणी काढला?"

"आप्पांनीच. तोच फोटो आहे हा. कॅलेंडरवरचा."

तिचा हात थांबला. "त्यात तर हे न्हवतं."

"आप्पांनी काही पुसलं नव्हतं, आक्का. त्यांनी असाच दिला होता. छापताना चुकलं."

"कुणाचं चुकलं?"

तिने फोटो खाली केला होता आणि चांगला डोळा माझ्याकडे लावला होता. सुपात तांदूळ होते, दोन चिमण्या त्यावर टपल्या होत्या. तीन वाक्यं माझ्या तोंडात होती.

"मशीनचं," मी म्हणालो.

"मशीनचं," ती म्हणाली. मग फोटोतल्या स्वतःच्या पत्र्यावरून तळहात फिरवत म्हणाली, "आन् मी माझ्या भावाला दारातनं माघारी लावला. दोनदा आला व्हता. मेला तवा त्वांड बघाया सुदीक गेले न्हाई. त्यो म्हणत व्हता, आक्का, म्या न्हाई पुसलं. मी म्हणलं, मग काय घरं चालत गेली?" तिने पदराने डोळा पुसला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी एवढ्या लांबनं आला, सांगितलंत, लई उपकार झालं. न्हाईतर त्यो खोटाच ऱ्हायला असता. मशीनला तरी काय बोलायचं, दादा?"

"हो ना," मी म्हणालो.